अराजकातले रुमाल

राजापेठेच्या मागच्या गल्लीत भगवंत सरांचं घर, आणि त्या घराचा खालचा हॉल. पोट्ट्यांनी त्या हॉलचं नाव ठेवलं होतं अराजक.

"कुठं चालला बे?"

"अराजकात."

"अन् डबा?"

"डबा सकाळपासून अराजकातच हाय."

नव्या माणसाच्या कानावर हे पडलं की तो दचकायचा. पाहायला जावं तर साधी अभ्यासिका. बावीस खुर्च्या, चार लांब टेबलं, पाण्याचा ड्रम, खिडकीत बसवलेला एक जुना कुलर. नाव पडायला कारण मात्र सरच. तीस वर्षं त्यांनी अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवलं. दरवर्षी एका ठरावीक धड्यापाशी आले की ते खडू खाली ठेवत आणि म्हणत, "अराजक म्हणजे गोंधळ, असं पेपरात छापून येते. तुमी शब्द फोडून पाहा. राजा नाई, एवढंच लिहिलेलं हाय त्यात. गोंधळ कुठं लिहिला? डोक्यावर कोणी बसलं नाई तं माणूस माणसाले खाईन, हे कोणी सांगतलं? ज्याले डोक्यावर बसायचं होतं, त्यानं."

पोरं हसायची. परीक्षेला हे येत नाही, हे त्यांना ठाऊक असायचं.

निवृत्त झाल्यावर सरांनी हॉलमधला सोफा विकला आणि खुर्च्या आणल्या. तीस वर्षं नुसतं बोलण्यात गेली होती, आता करून पाहायचं होतं. फी नाही, रजिस्टर नाही, नियमांचा कागद नाही, दाराला कुलूप नाही. जो आधी येईल त्यानं बसावं, काम झालं की उठावं. आणि नवल म्हणजे, ते चाललं. एक नाही, तीन वर्षं चाललं. कुलरची हवा गरम लागली की ज्याच्या अंगाला ती आधी लागली तो उठायचा आणि टाकीत दोन बादल्या ओतून यायचा. पाळी कोणाची, हा प्रश्न त्या हॉलमध्ये कोणी तोंडातून काढला नव्हता. सर वरच्या पायरीवर उभे राहून ते बादलीचं पाणी ऐकायचे. एखाद्याला नातवाचा पाळणा ऐकून वाटावं तसं त्यांना वाटायचं.

बेबीताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, याचं फार हसू यायचं. येणारा प्रत्येक जण पोलीस भरतीचा, नाहीतर तलाठ्याचा, नाहीतर वनरक्षकाचा अभ्यास करणारा. "अवो, तुमी म्हणता सरकार नको. अन् आपल्याच घरात ही बावीस सरकारं उबवून राहिले तुमी!"

"अंडी कोणाची का असेनात," सर म्हणायचे, "ऊब तं आपली हाय."

फाल्गुनात आचल आली. माहेर पातूरचं, सासर याच गल्लीतलं. नवरा जीवन अकोल्याला डाळ मिलमध्ये, शनिवारी यायचा. सासू सकाळीच भाजीबाजारात दुकान मांडायला जायची. घरात आचल आणि दीड वर्षाची गुड्डी. वनरक्षकाच्या परीक्षेला अडीच महिने होते. या खेपेला झालं नाही तर पुस्तकं बांधून ठेवायची आणि अकोल्याला खोली करायची, असं घरात ठरलेलं होतं. ठरवताना तिला विचारलं होतं, आणि ती हो म्हणाली होती.

गुड्डी अकरा ते एक झोपायची. तेवढे दोन तास आचलचे. बेबीताईंनी आतल्या खोलीत झोळी बांधून दिली आणि आचल त्या खोलीच्या दाराजवळची खुर्ची धरून बसू लागली. पोर कुशीवर वळली तरी तिला कळायचं. मधूनच बेबीताई दारातून मान काढून हळूच सांगायच्या, "झोपेतच दूध पिऊन राहिली, पाह्य ना. ओठ हालवते नुसते." आचल उठून पाहायची नाही. पाहिलं की दहा मिनिटं जातात. नुसती मान हलवायची आणि तिच्या चेहऱ्यावर ते दिसायचं, झोळीतलं.

एक दिवस ती आली तेव्हा बावीसही खुर्च्या भरलेल्या. ती जिन्यावर बसली, मांडीवर पुस्तक घेऊन. चैत्राचं ऊन एकेक पायरी वर चढत आलं आणि तीही एकेक पायरी वर सरकत गेली. एक वाजता गुड्डी उठली तेव्हा ती सर्वांत वरच्या पायरीवर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेबीताईंना मेथीच्या दोन जुड्या द्यायला आली आणि जाताना दाराजवळच्या खुर्चीवर गुड्डीचा रुमाल टाकून गेली. कोपऱ्यात बदक काढलेला, लाळ पुसायचा. अकराला आली तर खुर्ची रिकामी. कोणी बसलं नव्हतं. कोणी बोललंही नव्हतं. मधे कुलरच्या वाऱ्यानं तो रुमाल खाली पडला होता. सर तिथून जात होते. त्यांनी तो उचलला, झटकला, नीट घडी करून पुन्हा खुर्चीवर ठेवला आणि उडू नये म्हणून वर एक पुस्तक ठेवलं.

त्या दिवशी ते फार आनंदात होते. जेवताना बेबीताईंना म्हणाले, "पाहिलं? कोणी सांगतलं नाई, कुठं लिहिलं नाई, तरी एका लेकरवाळीची जागा वीस जणांनी राखली. कोणत्या कायद्यानं हे केलं असतं?"

आठवड्यानं शिवमनं रुमाल टाकला. त्याची अडचणही खरीच होती. पहाटे घरोघरी पेपर टाकायचा आणि आठला यायचा, तोवर खुर्ची गेलेली. मग करिश्मानं टाकला, तिला बडनेऱ्याहून यावं लागे. मग रोहितनं, त्याच्या गुडघ्याचं दुखणं होतं, जिन्यावर बसवत नव्हतं. एकेकाची अडचण ऐकायला बसलं तर डोळ्यांत पाणी यावं अशी. सगळ्यांच्या अडचणी खऱ्या, आणि खुर्च्या बावीसच. रुमाल सरले तेव्हा दुपट्टे आले, मग बनियन आलं, एकानं हेल्मेट ठेवलं. एसटीच्या खिडकीतून आत टाकलेला दुसऱ्याचा रुमाल उचलला तर काय होतं, हे वऱ्हाडात कोणाला सांगावं लागत नाही. तेच इथंही आपोआप लागू झालं.

चैत्र संपता संपता एका सकाळी सर खाली आले तर हॉलमध्ये बावीस रुमाल होते आणि माणूस एकही नव्हता. बाहेर पायऱ्यांवर पाच जण उभ्यानं वाचत होते. आत कुलर कापडांना वारा घालत होता.

त्या पाचांतल्या अश्विननं चौथ्या दिवशी शिवमचा रुमाल उचलून खिडकीबाहेर टाकला आणि बसला. शिवम आला.

"रुमाल कुठं हाय माया?"

"फिरायले गेला."

"उठ."

"काहून? सातबारा हाय का तुया नावानं?"

यापुढं शब्द नव्हते. चष्मा फुटला तो तिसऱ्याचाच, मधे पडलेल्या अंकुरचा.

संध्याकाळी सगळे जमले. सर खुर्चीवर बसले नाहीत, त्यांच्यातच जमिनीवर बसले. म्हणाले, "मत घ्यायचं नाई. हात वर करायचे नाईत. एकमेकाशी बोला, बोलून काढा. ज्याची गरज मोठी, त्याले जागा. हे ठरवायले माणसाले कायदा लागत नाई."

"गरज मोठी कोणाची, हे कोण ठरवीन सर?" करिश्मानं विचारलं. पोरगी हुशार, तलाठ्याच्या यादीत मागच्या वेळी दोन मार्कांनी राहिलेली.

"सगळे मिळून."

"सगळ्यायलेच आपली मोठी वाटते."

"अन् सर," रोहित म्हणाला, "माणूस एवढा चांगला असता तं पोलीस भरती कायले निघाली असती?"

सगळे हसले. सरही हसले, आणि त्यांनी आपली ठेवणीतली गोष्ट सांगितली. हिवरखेडची, त्यांच्या गावची. तीन घरांची एक विहीर, ओलिताच्या पाळ्या, ना घड्याळ ना कागद. लिंबाची सावली धुऱ्याला, म्हणजे वावराच्या बांधाला, टेकली की एकानं पाणी सोडायचं आणि दुसऱ्यानं घ्यायचं. चाळीस वर्षांत भांडण नाही. "मी डोळ्यानं पाहिलेलं सांगून राहिलो. पुस्तकातलं नाई."

त्यांच्या आवाजात असं काही होतं की पोरं गप्प झाली. रुमाल उचलले गेले. अश्विननं शिवमला चहा पाजला. चार दिवस पुन्हा तसंच, पहिल्यासारखं. पाचव्या दिवशी एका खुर्चीवर फक्त एक पेन होता. सहाव्या दिवशी सात पेन.

त्याच आठवड्यात अकोल्याहून फोन आला की नत्थुजी पडले, कंबर दुखावली. नत्थुजी म्हणजे हिवरखेडच्या त्या तीन घरांतल्या एका घरचे. नातं नाही, पण भगवंत सरांना थोरल्या भावासारखे. आता अकोल्यात मुलाकडे असतात. सर दोन दिवसांसाठी गेले.

नत्थुजी पलंगावर उताणे पडले होते. चौऱ्याऐंशी वय, दात नाहीत, डोकं मात्र लख्ख. सर उशाशी बसले. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या आणि मग सरांनी विहिरीचा विषय काढला. खरं तर त्यासाठीच आले होते. मनाला थोडी ऊब हवी होती.

"दादा, भांडण म्हणून झालं नाई ना कधी पाण्याचं?"

"भांडन कसं होईन?" नत्थुजी म्हणाले. "तुया आजा बसे ना तठी, लिंबाखाली. बैलबंडीची उभारी मांडीवर घिऊन."

"उभारी?"

"हाव. बाभळीची काठी, मनगटाएवढी. आमच्या बापानं एक डाव सावली टेकल्यावर बी पाणी चालू ठेवलं. घटकाभरच. तवापासून बापाचा डावा हात खांद्याच्या वर गेला नाई, मरेपर्यंत. तुले नाई मालूम? तू लहान होता."

सरांना ती उभारी चांगली आठवत होती. दुपारी आजा पेंगला की ती त्याच्या मांडीवरून काढून घेऊन ते घोडा घोडा खेळायचे. आजा जागा झाला की हसून म्हणायचा, दे रे बाप्पा, माया घोडा.

"मले वाटे, समजूतदार होती माणसं."

"भेत व्हती," नत्थुजी म्हणाले. त्यांनी ते रागानं म्हटलं नाही. म्हाताऱ्या माणसानं पावसापाण्याचं सांगावं तसं सांगितलं. "अन् तुया आजा गेला तवा कोर्ट लागलं. सतरा वर्षं चाललं. निकाल लागला तवा विहिरीत पाणी नव्हतं. पहिल्यानं उभारी, मंग कोर्ट. मधात काही नव्हतं बाबू. तुले जे दिसलं, ते मधातलं, ते नव्हतंच."

परतीच्या एसटीत सर खिडकीपाशी बसले. वावरं नांगरून पडली होती, काळी, भेगाळलेली. मूर्तिजापूर आलं, गेलं. तीस वर्षं पोरांना आपण काय सांगितलं, याचा ते हिशेब लावू पाहत होते, आणि तो लागत नव्हता.

घरी आले तर हॉलच्या दारावर कागद होता. करिश्माचं सुंदर अक्षर. पाच जणांची समिती झाली होती. रुमाल, पेन, काहीही ठेवून जागा धरायची नाही. प्रत्येकाला खुर्चीचा नंबर. येता-जाता रजिस्टरमध्ये वेळ लिहून सही. दिवसाला सहा तासांपेक्षा कमी बसणाऱ्याचा नंबर रद्द, तो प्रतीक्षा यादीतल्या पुढच्याला. कुलर भरण्याची पाळी तक्त्याप्रमाणे. खाली जाड रेघ मारून लिहिलं होतं: नियम सर्वांना सारखे, कोणालाही अपवाद नाही.

सरांनी कागद दोनदा वाचला. त्यात खोडायला काही सापडेना. प्रत्येक ओळ बरोबर होती.

दाराजवळच्या खुर्चीवर एक अनोळखी पोरगा बसला होता. आतल्या खोलीत झोळी रिकामी लोंबत होती.

ते तसेच आचलच्या घरी गेले. ती ओसरीवर गवारीच्या शेंगा मोडत होती. गुड्डी शेजारी बसून एकेक शेंग उचलून टोपलीबाहेर टाकत होती आणि दर वेळी आईच्या तोंडाकडे पाहत होती, रागावते का म्हणून.

"तू आली नाईस?"

"नंबर गेला ना सर. माये दोनच तास होतात."

"मी नव्हतो तेव्हा केलं त्यायनं हे."

"नाई सर. मी बी होती ना. मी बी हात वर केला." ती कसनुसं हसली. "मले वाटलं, नियम त्या झोपून रायणाऱ्या पोट्ट्यायसाठी हाय. हात वर केल्यावर ध्यानात आलं. मंग खाली कसा करू? सगळे पाहून राहिले होते. अन् नियम बरोबर हाय. मीच त्यात बसत नाई."

"घरी होते का अभ्यास?"

आचलनं गुड्डीच्या हातातली शेंग काढून घेतली, तिच्या बोटांना आपल्या ओठांनी हलकंच धरलं. पोर खिदळली. "इथं झोपत नाई ती सर. तिले काकूची झोळी पायजे."

परीक्षेला एकवीस दिवस राहिले होते.

बुधवारी दुपारी ऊन चव्वेचाळीसवर गेलं. सर वरच्या पायरीवर आले आणि त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. खालून पाण्याचा आवाज नव्हता. ते खाली उतरले. कुलर कोरडा खडखडत होता, भट्टीसारखी हवा फेकत होता. सगळेजण घामानं निथळत वाचत होते. हाताच्या अंतरावर ड्रम काठोकाठ भरलेला, शेजारी बादली.

"कोणी पाणी नाई टाकलं?"

"आज अश्विनची पाळी हाय सर," शिवमनं वर न पाहता सांगितलं. "तो गावाले गेला. त्याच्या नावापुढं फुली मारली."

सरांनी स्वतः बादली उचलली. तीन बादल्या ओतल्या. कोणी उठलं नाही. ते उद्धट नव्हते हो, पोरं चांगली होती. त्यांना फक्त वाटलं की सरांची काही पाळी असेल.

वर बेबीताई वाटच पाहत होत्या. "झालं समाधान? ते पोरगी गवार मोडत बसली तिकडं. मी लेकरू जोजवाले मोकळी बसली इकडं. अवो, घर कोणाचं हाय? टॅक्स कोण भरते? जा अन् सांगा, की तिची खुर्ची तिले द्या. दोन शब्दाचं काम."

"ते नाई करता येत बेबी. मी सांगतलं तं मंग..."

"मंग काय?"

"मंग मी राजा झालो ना."

"मंग व्हा!" बेबीताईंचा आवाज फाटला. "एका लेकरवाळीची परीक्षा चालली पाण्यात, अन् तुमी शब्द फोडत बसा."

सर खाली उतरले. हॉलच्या मधोमध उभे राहिले. आयुष्यात वर्गातही त्यांनी आवाज चढवला नव्हता, त्यामुळे तो निघाला तेव्हा त्यांना तो दुसऱ्याच कोणाचा वाटला. लिंबाखाली बसलेल्या माणसाचा.

"घर माझं हाय! ही खुर्ची आचलची. अकरा ते एक. तिथं कोणी बसायचं नाई. ज्याले पटत नसन त्यानं आत्ता बाहेर निघायचं!"

त्यांना वाटलं होतं, कोणीतरी उलटून बोलेल. करिश्मा तरी. ती विचारेल, सर, तुमी कोण ठरवणारे? त्यांनी त्या प्रश्नाची वाट पाहिली. मनोमन त्याच्या पाया पडले.

खुर्चीवरचा पोरगा पटकन उठला. करिश्मानं रजिस्टर उघडून त्यात नोंद केली. आणि सगळ्या हॉलमध्ये एक सुस्कारा फिरला, गाठ सुटल्यासारखा.

"सर, हेच पायजे होतं," रोहित अगदी मनापासून म्हणाला. "तुमी पहिलेच बोलले असते तं एवढं झालंच नसतं. आमाले काय, कोणीतरी सांगणारं पायजे."

"अजून एक नियम टाकू का सर?" करिश्मानं पेन उघडून विचारलं. "सरांचा निर्णय अंतिम?"

सर बाहेर पडले.

आचलच्या ओसरीत एक पिशवी भरून ठेवलेली होती. जीवन शनिवारऐवजी बुधवारीच आला होता, भिंतीला टेकून मोबाईल पाहत होता. सरांना पाहून तो उठला, नमस्कार केला.

"आचल, तुझी खुर्ची परत मिळाली," सर म्हणाले. "उद्यापासून ये. मी सांगतलं त्यायले."

तिनं पदराला हात पुसले. बराच वेळ पुसत राहिली. "तुमी सांगतलं म्हणून बसू सर? मंग ते मायाकडं पाहतीन ना, रोज. पहिले कोणी पाहत नव्हतं. पहिले मले वाटे..." तिला शब्द सापडला नाही. "आता तसं नाई बसता येणार."

"परीक्षा?"

"देईन ना. अकोल्यातून देईन." दोघांनाही ठाऊक होतं. जीवनलाही ठाऊक होतं, म्हणून तो पुन्हा मोबाईलमध्ये पाहू लागला. गुड्डीनं सरांच्या धोतराचा काठ धरला आणि त्यांच्याकडे हात उंच केले, घे म्हणून. सरांनी तिला उचललं. तिच्या मानेला दुधाचा आणि घामाचा वास होता. तिनं त्यांचा चष्मा ओढला, त्यांनी ओढू दिला. मग ती आईकडे झेपावली आणि त्यांनी तिला देऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सर हॉलमध्ये गेले. कुलर भरलेला होता. रजिस्टर दाराशी होतं, जमीन पुसलेली होती. दाराजवळची खुर्ची रिकामी होती, आणि दोघे जण जागा नसताना उभे होते, तरी तिच्याकडे कोणी पाहतही नव्हतं. कोणी तक्रार केली नव्हती. इतकी शांतता त्या हॉलमध्ये तीन वर्षांत कधी नव्हती.

ते आत शिरले आणि सगळे उठून उभे राहिले. सगळेच्या सगळे, एकदम, खुर्च्यांचा आवाज करत.

सरांना वाटलं, थोडं थांबून पाहावं. कोणीतरी कंटाळून बसेल. रोहितचा गुडघा दुखतो, तो तरी बसेल. ते थांबले. रोहितनं वजन दुसऱ्या पायावर घेतलं, टेबलाची कड धरली, पण बसला नाही. कुलरच्या वाऱ्यानं पुस्तकांची पानं आपोआप उलटत होती. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते, त्या गवारीच्या शेंगा टाकणाऱ्या पोरीसारखे नाही, मोठ्या माणसांसारखे.

मिनिट झालं असेल. दोन झाली असतील.

"बसा," भगवंत सर म्हणाले.

ते बसले.